वीस अंशांवर एक मीटर

मी एक जुना पोलादी दांडा आहे. माझी लांबी एक मीटर आहे.

थांबा. वाक्य अर्धे राहिले. पुन्हा सांगतो.

मी एक जुना पोलादी दांडा आहे. वीस अंश तापमानाला माझी लांबी एक मीटर आहे. मित्रांनो, थंडीत तुम्ही पांघरुणात मुटकुळे करून झोपता ना? मीही गारठलो की आखडतो आणि तापलो की लांबतो. फरक अगदी थोडा असतो, केसाच्या जाडीइतका. पण ज्या कामासाठी मला घडवले, त्या कामात केस ही फार जाड वस्तू होती.

ते काम असे होते. चार देशांनी मिळून डोंगरावर एक दुर्बीण उभारायची ठरवली होती. आकाशातला सगळ्यांत जुना उजेड तिला शोधायचा होता. ती इतकी मोठी होती, की एकट्यादुकट्या देशाच्या आवाक्यातले ते कामच नव्हते. एवढी अवजड दुर्बीण फिरणार कशावर? तर एका गोल पोलादी कड्यावर. त्या कड्याचे शहाण्णव तुकडे करायचे होते आणि प्रत्येक देशाच्या कारखान्याच्या वाट्याला चोवीस आले. चार कारखाने, चार भाषा, कामाच्या चार तऱ्हा. प्रत्येकाकडे आपापला मीटर होता आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटत होता. म्हणून ठरले, की एकच दांडा करायचा. तो चारही कारखान्यांत फिरेल, जो तो आपले माप त्याच्याशी जुळवून घेईल आणि मगच कामाला हात घालेल.

तो दांडा म्हणजे मी.

मला पहिल्या कारखान्यातल्या मास्तरांनी घडवले. मास्तर बोलायला तिखट आणि हाताने मऊ. तीन महिने ते मला घासत, पुसत, मोजत आणि पुन्हा घासत. घरी त्यांची बायको म्हणे, "पोरांच्या पाठीवरून कधी एवढा हात फिरवला होता का?" हे मास्तरांनीच हसत हसत सगळ्यांना सांगितले होते. त्यांनी माझ्यासाठी लाकडी पेटी केली आणि तिला आतून लोकर लावली. झाकणाच्या खिशात एक वही ठेवली. चार भाषांची माणसे ती वाचणार म्हणून तिच्यात शब्द नव्हते, चित्रे होती. पेटीच्या चित्राखाली मी आलो ती तारीख लिहायची. खाटेच्या चित्राखाली मी किती तास विसावलो ते. तापमापकाखाली खोलीचे अंश. पेनाच्या चित्राखाली सही.

"खाट कशाला, मास्तर?" कारखान्यातल्या कुणीतरी विचारले.

"माणूस लांबून आला तर दारातच त्याची उलटतपासणी घेतोस का? आधी टेकू देतोस ना? मग यालाही टेकू द्यायचं. मोजायच्या खोलीत पूर्ण एक दिवस नुसता पडून राहू दे. अंगातला प्रवास उतरला, की मग काय ते विचारा."

पान पहिले. खाटेखाली: २४. सही: मास्तर.

पान दुसरे. खाटेखाली: २४. सही: दुसऱ्या कारखान्यातले कुणी, अक्षर सुंदर.

आत्मवृत्तात इथे कौतुकाचे दिवस येतात. माझेही होते. दुसऱ्या कारखान्यात मला बघायला शाळेची मुले आली होती. त्यांच्या बाई म्हणाल्या, "बघा, हा चार देशांचा एक दांडा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटले, आता आयुष्यभर असेच चालणार.

मग तिसऱ्या देशाच्या सीमेवर कुठल्याशा कागदावर कुठलासा शिक्का नव्हता.

पहिला दिवस: मालगोदाम. अंधार.

दुसरा दिवस: तेच.

तिसरा दिवस: माझ्या पेटीवर कुणीतरी दुसरे खोके ठेवले.

चौथा, पाचवा. बाहेर बर्फ पडत असावे. लोकर गार झाली. मग मीही.

सहावा दिवस: शिक्का.

तिसऱ्या कारखान्यात पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. हा कारखाना चौघांत सर्वांत लहान. तिथल्या मोजणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताईंच्या मोजायच्या खोलीत काळ्या दगडाचा ओटा होता आणि त्यावर धुळीचा कणही नसे. त्यांनी पेटी उचलून ओट्याजवळ ठेवली, झाकण उघडले, वही वाचली आणि खुर्ची ओढून बसल्या. तेवढ्यात साहेब आत आले.

"ताई, झालं का?"

"साहेब, पेटी आत्ता कुठे आलीय. उद्या मोजते."

"उद्या? अहो, गाडी दारात उभी आहे. चारचं विमान आहे. ते चुकलं तर चौथ्या कारखान्याला पेटी आठवड्याने मिळेल."

"मग आठवड्याने मिळेल."

"आणि मी बैठकीत काय सांगू? पहिल्या दिवशी भर सभेत त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला झेपेल ना? आठवतंय? मी छाती ठोकून म्हणालो, आमच्यामुळे एक दिवस उशीर होणार नाही."

"उशीर आपल्यामुळे झालाच कुठे? शिक्क्यामुळे झालाय."

"शिक्का कोण लक्षात ठेवतं, ताई? नाव आपलंच लागणार. बघा बुवा. सगळे खोळंबलेत."

साहेब वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. हात जोडल्यासारखे करून ते गेले. ताईंनी घड्याळाकडे पाहिले. दोन तास त्यांनी मला दिले, त्यांच्या हातात होते तेवढे. मग सुती हातमोजे चढवले आणि मला उचलायला हात घातला.

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. तो हात थांबला.

हातमोज्यातूनही त्यांना माझा गारवा लागला. एका श्वासापुरता त्यांचा हात माझ्यावर तसाच राहिला. मला ओरडावेसे वाटले: ताई, मी अजून आखडलेला आहे, दोन केसांइतका! पण पोलादाला तोंड नसते. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. हात पुन्हा हलला.

त्यांनी मला ओट्यावर ठेवले आणि कारखान्याचे गेज, म्हणजे तुकडे मोजायचे त्यांचे माप, माझ्याशी जुळवले. फार सुबक काम केले. फक्त ते चुकीच्या लांबीशी जुळवले. त्या गेजवरून पुढे चोवीस तुकडे होणार होते.

मग वही उघडली. खाटेच्या चित्राखाली ताईंनी '२' लिहिले. खरेच लिहिले. पेन तसेच टेकवून त्या बसून राहिल्या. मागे दोन पाने होती आणि दोन्हींवर एकच आकडा होता. त्यांमागोमाग नुसता दोन म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांत खुपणार. भोंगा पुन्हा वाजला. ताईंनी दोनापुढे चार लिहिले.

पान तिसरे. खाटेखाली: २४. सही: ताई.

चौथ्या कारखान्यातल्या मोजणाऱ्या गृहस्थांना सगळे 'सावकाश' म्हणत. ते खांदे पाडून चालत, चष्मा दहादा पुसत आणि जेवायला बसले की शेवटी उठत. त्यांनी पेटीच्या आत तळहात धरला.

"अरेरे, हा तर पार काकडलाय."

"किती वेळ लागेल?" त्यांच्या साहेबांनी विचारले.

"तीन दिवस."

"वहीत तर सगळ्यांनी एकच दिवस घेतलाय."

"त्यांच्याकडे कसा आला, मला काय ठाऊक? माझ्याकडे असा आला."

"सावकाश, तुम्ही एक दिवस मला घालवणार बघा."

"घालवीन. पण मोजून घालवीन."

त्यांनी मला रोज एकदा, असे तीनदा मोजले. तिन्ही वेळा आकडा शेवटच्या घरापर्यंत सारखा आला, तेव्हा कुठे ते हसले. आणि खरे तेच लिहिले.

पान चौथे. खाटेखाली: ७२. सही: सावकाश.

त्यानंतर मला डोंगरावरच्या कार्यालयात आणले आणि बैठकीच्या खोलीत फळीवर ठेवले. त्यामुळे पुढचे सगळे मी ऐकले. ऐकायचे नव्हते.

वर्षभराने कडे जोडायला घेतले. प्रत्येक तुकडा खालच्या पायात पुरलेल्या बोल्टांवर बसवायचा होता. पहिल्या कारखान्याचे चोवीस बसले. दुसऱ्याचे बसले. चौथ्याचेही बसले. मग राहिलेल्या जागेत तिसऱ्या कारखान्याचे तुकडे बसवायला लागले. पहिला बसला. पाचवा ठोकून बसवावा लागला. नववा बसेचना, भोक एकीकडे, बोल्ट दुसरीकडे. सगळे नुसते ओळीने मांडून पाहिले तेव्हा शेवटी एक फट राहिली. आगपेटीची काडी सहज आत जाईल एवढी. तेवढ्या फटीवर दुर्बीण दर फेरीला अडखळली असती आणि आकाशातला तो जुना उजेड तिला कधी स्पष्ट दिसला नसता.

बैठक बसली. डोंगरावरची माणसे टेबलाशी आणि कारखान्यांची माणसे पडद्यावर. कानांना दुभाष्यांची यंत्रे.

तिसऱ्या कारखान्याचे साहेब म्हणाले, "आमचे तुकडे दांड्याबरहुकूम आहेत. वही बघा. नियमाप्रमाणे चोवीस तास."

वही बघितली. चोवीस होते.

"मग दांडाच बिघडलेला असणार," दुसऱ्या कुणी म्हटले. "सहा दिवस गोदामात होता. वर काही पडलं असेल, वाकला असेल. वाकला की आखूड भरणारच."

"पण तो आमच्याकडे आला तेव्हा बरोबर होता," सावकाश म्हणाले.

"हो ना? मग तीन दिवस त्याचं काय करत होता?"

"ठेवला होता."

"नुसता? सगळ्यांना एक दिवस पुरला आणि तुम्हाला तीन?"

कुणीतरी पेन आपटले. "सरळ आहे हो. दांडा वाकलेला मिळाला. यांनी गुपचूप सरळ केला, आपलं काम साधून घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर आज ही पाळी आली असती?"

सावकाशांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "मी नुसता ठेवला होता," ते पुन्हा म्हणाले.

मित्रांनो, ज्याने सर्वांत जास्त काळजी घेतली त्याचाच आकडा वेगळा होता, म्हणून तोच संशयित ठरला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात ताई बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे कुणी पाहिलेही नाही. मी पाहिले.

सावकाशांची सही बंद झाली. तीस वर्षे मोजणाऱ्या माणसाला मोजायच्या खोलीची किल्ली परत करावी लागली. मास्तर तोवर निवृत्त झाले होते. त्यांना पत्र गेले, की तुमचा दांडा वाकला असावा. त्यांचे उत्तर आले नाही. डोंगरावर तिसऱ्या आणि चौथ्या देशाची माणसे वेगवेगळ्या टेबलांवर जेवू लागली. पूर्वी ती एकमेकांच्या भाषेतल्या शिव्या शिकून हसत असत. आता एकमेकांना मीठही मागत नसत. आपण बाहेरच पडू या, अशी कुजबुज दोन्हीकडे सुरू झाली. कडे तसेच उघडे पडून राहिले.

आणि मी? मी पुरावा झालो. माझी पेटी लाखेने मोहोरबंद करून अंगणापलीकडच्या कोठीत ठेवली. वर लिहिले, 'हात लावू नये'. दहा महिने कुणी लावला नाही.

मग एक दिवस चौघांना समोरासमोर बोलावले. एक पंच नेमला होता. तो कायद्याचा माणूस होता, मोजण्याचा नव्हता. ठरले असे, की दांडा सर्वांसमक्ष मोजायचा. आखूड भरला तर वाकला होता हे सिद्ध, आणि सावकाश खोटे बोलले हेही सिद्ध.

मला कोठीतून उचलून बैठकीच्या खोलीत आणले. मोहोर तोडली.

"दांड्याची विश्रांती झाली आहे का?" पंचाने कागदावरचा प्रश्न वाचला.

"दहा महिन्यांपासून इथेच आहे," कार्यालयातला माणूस म्हणाला. इथेच म्हणजे कोठीत. कोठीत शेकोटी नव्हती. पण उत्तर मिळाले, आणि पंचाने खूण केली.

मी आतून गोठलो होतो. जो मोजेल त्याला मी आखूडच भरणार होतो. चूक माझ्या अंगावर लिहिलेली दिसणार होती आणि ती सावकाशांची ठरणार होती. सावकाशांना टेबलाजवळ यायची परवानगी नव्हती. ते भिंतीला टेकून उभे होते.

"पहिलं माप नुकसान झालेल्या पक्षाने घ्यावं," पंच म्हणाला.

ताई उठल्या. काहीच करायचे नव्हते त्यांना. फक्त मोजायचे होते. आकडा वाचायचा, सही करायची आणि घरी जायचे. त्यांनी सुती हातमोजे चढवले आणि पेटीत हात घातला.

हात थांबला.

"काय झालं, ताई?" साहेबांनी हळूच विचारले.

"गार आहे."

"असू दे. मोजा."

"उद्या मोजू."

"अहो, चार देशांची माणसं बसलीत इथे. अख्खी सभा खोळंबलीय."

ताईंनी हात काढला नाही. "त्या दिवशीही सगळे खोळंबले होते, साहेब. तो असाच गार होता. आणि मी मोजला."

दुभाष्यांना ते वाक्य तीन भाषांत न्यायला वेळ लागला. त्यामुळे खोली एकदम गप्प झाली नाही. एकेक रांग गप्प होत गेली.

ताईंनी वही मागितली. तिसरे पान उघडले. खाटेच्या चित्राखालच्या चोवीसमधला चार एका आडव्या रेघेने खोडला. बाजूला सही केली आणि तारीख घातली, त्या दिवसाची.

"बाई, हे काय केलंत?" साहेबांचा आवाज फुटला. "देशाचं नाक कापलंत."

"नाक नाही, साहेब. चार कापला."

कुणी हसले नाही. ताईंनाही हसू येत नव्हते. त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

मला टेबलावर ठेवले आणि खोली वीस अंशांवर आणली. सगळे निघून गेले. ताई खुर्ची ओढून बसल्या. थोड्या वेळाने दुसरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सावकाश होते. एकमेकांची भाषा त्यांना मोडकीतोडकीच येत होती.

"फोन का नाही केलात मला?" सावकाशांनी विचारले.

"तुम्ही ओरडला असतात."

"ओरडलो असतोच. मग तुम्ही परत मोजलं असतंत. एका दिवसाचं काम."

"आधी वाटलं, बसतील तुकडे. मग वाटलं, कुणीतरी शोधून काढेल. मग तुमचं नाव आलं, आणि मग..." ताईंनी वाक्य सोडून दिले. "माझी मुलगी विचारते, आई, तू काय काम करतेस? मी म्हणते, मोजते. ती म्हणते, तू कधी चुकत नाहीस? दहा महिने मी तिला जेवायला वाढते आणि दुसरंच काही बोलते."

सावकाशांनी चष्मा पुसला. "माझ्या नातवाने शाळेत सांगितलं, आजोबांना कामावरून काढलं. का काढलं ते त्याला सांगता आलं नाही. मलाही."

"मला माफ—"

"आत्ता नको," सावकाश म्हणाले. "वेळ लागेल. मला सावकाश उगीच म्हणत नाहीत."

पण ते उठून गेले नाहीत. मध्ये एकदा जाऊन दोन कप चहा घेऊन आले. एक ताईंपुढे ठेवला आणि म्हणाले, "दांड्यापासून लांब धरा. वाफ लागेल त्याला."

दुसऱ्या दिवशी पंचासमोर मला चौघांनी मोजले. मी एक मीटर भरलो. वीस अंशांवर.

मित्रांनो, इथे सगळे गोड झाले असे सांगता आले असते तर मला आवडले असते. तसे झाले नाही. तिसऱ्या कारखान्याचे चोवीस तुकडे वितळवले आणि नवे तुकडे चौथ्याने केले. तिसरा देश संघात राहिला, पण मागच्या बाकावर बसल्यासारखा. सावकाशांना किल्ली परत मिळाली. दिलगिरीचे पत्र मिळाले नाही, कारण ते कोणत्या देशाने लिहायचे यावर एकमत होईना. ताईंची सही कायमची गेली. त्या आता त्याच कारखान्यात तयार माल पेट्यांत भरतात, आणि जेवायच्या सुट्टीत त्यांच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असते असे ऐकतो. मास्तरांना मात्र दुसरे पत्र गेले. त्याला उत्तर आले, एका ओळीचे: 'वहीत एक चित्र राहिले होते. चूक माझी.'

ते चित्र आता वहीत आहे, खाटेच्या शेजारी: उघडा तळहात. त्याखाली आकडा लिहायचा नसतो. दांडा हाताला कसा लागला, एवढेच लिहायचे. गार, कोमट, ठीक. ज्याला जे वाटेल ते, ज्याच्या त्याच्या भाषेत.

दीड वर्ष उशिरा कडे पूर्ण झाले. दुर्बीण त्यावर फिरते, अडखळत नाही. आता लांबी प्रकाशाच्या किरणाने मोजतात, माझी गरज उरली नाही. मला डोंगरावरच्या इमारतीत काचेच्या कपाटात ठेवले आहे. कपाट खिडकीजवळ आहे. दुपारी ऊन थेट माझ्या अंगावर येते, मी हळूहळू लांबतो आणि काचेवरची पाटी खोटी ठरते. पाटीवर लिहिले आहे, 'एक मीटर'.

अर्धेच वाक्य. बघायला येणारे वाचतात आणि पुढे जातात.

तुम्ही कधी आलात तर कुणाला तरी सांगून कपाट सावलीत हलवायला लावा. तेवढे झाले नाही तरी चालेल, मी आता कुणाचे माप नाही. पण एक सांगतो. तुमच्याही दाराशी कधी भोंगा वाजेल, सगळे खोळंबतील, आणि मागच्या पानांवर प्रत्येकाचा आकडा सारखाच दिसेल. तेव्हा तुमचा हात एका श्वासापुरता थांबेल.

थांबू द्या त्याला.